धुराच्या शहराला पावसाची वीज : जमशेटजी टाटांचे अपुरे राहिलेले काम

बेळगावच्या खासबागेत शहापूर-वडगावच्या अंगाने शिरले की घराघरांतून यंत्रमागांचा खडखडाट कानी येऊ लागतो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार, अशी या विणकरवस्तीची रचना आहे. रविवारच्या बाजाराच्या गजबजाटातही तो आवाज पुरता लोपत नाही. लोपतो तो वीज गेल्यावर. मग सारी गल्ली एकाएकी मुकी होते, धोटा अर्ध्यावर थांबतो आणि माणसे उंबऱ्याशी येऊन पुढच्या घरात दिवा आहे का ते पाहतात.

या घरांना धुराडे नाही, ही गोष्ट कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. माग आहे, यंत्र आहे, पण बॉयलर नाही, कोळशाची वखार नाही, छपरावर काजळी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी यंत्राने कापड विणायचे तर या सगळ्यावाचून गत्यंतर नव्हते. वाफेचे इंजिन एका खोलीत मावत नसे. त्याच्यासाठी गिरणी उभारावी लागे, गिरणीसाठी धुराडे आणि धुराड्याच्या सावलीत चाळी. एका अश्वशक्तीची मोटार भिंतीशी बसवून राहत्या घरात माग चालवता येतो, याचे कारण त्या मोटारीला लागणारी शक्ती दुसरीकडे कुठेतरी निर्माण होते आणि तारेवरून घरात येते. शहराने आपले इंधन आपल्याच छातीवर जाळू नये, शक्ती दुरून आणावी, या विचाराला पश्चिम भारतात मोठ्या प्रमाणावर आकार देऊ पाहणाऱ्यांत जमशेटजी नसरवानजी टाटा हे नाव अग्रभागी येते. पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल यांच्यामुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. मुंबईला धुरावाचून वीज देण्याची त्यांची योजना त्या मानाने विस्मृतीत गेली. ती पुरी झालेली पाहण्यास ते हयातही नव्हते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे, पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी यांनी पिढीजात पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार आरंभला. मुलगा बारा-तेरा वर्षांचा होताच त्यालाही मुंबईस आणले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ साली शिक्षण पुरे करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत शिरले. लगोलग १८५९ मध्ये त्यांना हाँगकाँगला पाठवण्यात आले. कापूस आणि अफू यांच्या त्या काळच्या चीन-व्यापारात इतर पारशी पेढ्यांप्रमाणे टाटांची पेढीही होती.

पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला आणि १८६५ साली ते युद्ध संपताच तोच भाव कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. जमशेटजी त्या वेळी विलायतेत होते. हाती असलेल्या हुंड्या कवडीमोल झाल्या, घेणेकऱ्यांना तोंड देण्याची पाळी आली. पंचविशीतल्या तरुणाने ते दिवस न पळता निभावले. त्याच वास्तव्यात आणि पुढच्या फेऱ्यांत त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या जवळून पाहिल्या. मँचेस्टरचे आकाश त्या काळी दिवसाही काळवंडलेले असे. तेथे कापसाचे सोने कसे होते हे त्यांनी पाहिले, आणि त्या सोन्यासाठी शहर कोणत्या हवेत श्वास घेते हेही पाहिले.

१८६८ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढल्या वर्षी चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेलगिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्याने विकून टाकली. गिरणी मुंबईतच काढली पाहिजे, हा तेव्हाचा पाठ होता. तो त्यांनी मोडला आणि कापूस पिकतो तिथेच, वऱ्हाडाच्या दारात, नागपूरला जाण्याचे ठरवले. कापूस शेजारी, रेल्वे पायाशी आणि वरोऱ्याचा कोळसा हाकेच्या अंतरावर, हा त्यामागचा हिशेब होता. नागपूरचा विचार पक्का होण्याच्या सुमारास जबलपूरजवळ नर्मदेच्या पाण्याच्या जोरावर गिरणी चालवण्याचीही कल्पना त्यांच्या मनात घोळली होती, पण ती फळाला आली नाही. पाणी हेही इंधन होऊ शकते हा विचार मात्र तेव्हापासून त्यांना सोडून गेला नाही.

नागपूरच्या जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढून उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्याचा तोच दिवस, म्हणून हे नाव. दलदलीत पैसा ओतणाऱ्या या माणसाला प्रारंभी हसणारे थोडे नव्हते. गिरणीचा कारभार त्यांनी सोपवला तो बेझनजी मेहता या रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेल्या आणि कापडधंद्याचा गंध नसलेल्या गृहस्थांवर. निवड अचूक ठरली. जगात अजून नवखी असलेली रिंग पद्धतीची चाती या गिरणीने १८८३ च्या सुमारासच वापरून पाहिली.

एम्प्रेस मिलच्या कारभारातली एक गोष्ट इथे थांबून सांगण्यासारखी आहे, कारण पुढे वीजयोजनेत तीच दृष्टी दिसते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तुटते आणि माणसे गळून जातात. जमशेटजींनी हवेत आर्द्रता राखणारी यंत्रे बसवली, हवा खेळण्याची सोय केली, आग विझवणारे पाण्याचे फवारे छतांत घातले. कामावर न येणाऱ्यांना दंड करण्याऐवजी निवृत्तिवेतनाचा निधी आणि अपघात झाल्यास भरपाई अशा तरतुदी केल्या. कायद्याने यांतले काहीही मालकावर बंधनकारक नव्हते. यात दया किती आणि हिशेब किती याचा वाद घालता येईल. बहुधा ते दोन्ही त्यांच्या मनात वेगळे नव्हतेच. ज्या हवेत कामगार उभा राहतो ती हवा हा गिरणीच्या खर्चाचाच भाग आहे, असे मानणारा तो मालक होता.

मधल्या वर्षांची कहाणी मोठी आहे, ती येथे आटोपती घेऊ. १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी स्वस्तात घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. या डबघाईच्या गिरणीने त्यांना जवळजवळ बुडवलेच होते, एम्प्रेसचे भाग गहाण टाकून त्यांनी ती तारली. जहाजभाड्यासाठी बलाढ्य ब्रिटिश कंपनीशी लढा दिला आणि त्यात ते हरले. १८९८ साली आपल्या मिळकतीचा मोठा भाग देऊन उच्च विज्ञानसंस्थेची योजना मांडली. पोलादासाठी १९०२ मध्ये अमेरिका गाठली.

एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा मुंबईतील कापडगिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात पोहोचली होती. लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा या भागांत धुराड्यांचे रान उभे होते. घाटावरून आणि कोकणातून आलेले हजारो कामगार त्या धुराड्यांच्या पायथ्याशी, चाळींतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. कोळसा यायचा तो बंगालच्या खाणींतून हजारो मैल रेल्वेने किंवा जहाजाने, नाही तर थेट विलायतेहून. गिरणीच्या खर्चात त्याचा वाटा जबर होता. त्यातही दुखणे असे, की वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केदेखील चात्या आणि माग फिरवण्याच्या कामी येत नसे. उरलेली ऊब आणि सगळी काजळी शहराच्या वाट्याला. सरकारलाही हा उपद्रव अखेर नाकारता आला नाही आणि १९१२ साली मुंबईसाठी धूर-प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. धूर मोजणारे निरीक्षक नेमता येतात, भट्टी नीट पेटवण्याची सक्ती करता येते, पण कोळसाच जाळायचा असेल तर धूर पुरता टळत नाही.

विजेचे दिवे तोवर मुंबईला अपरिचित नव्हते. १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलेले जमशेटजींचे ताजमहाल हॉटेल विजेच्या रोषणाईने झगमगले, ते पाहायला लोक लोटले. मात्र त्या हॉटेलाची वीज त्याच्याच जनित्रातून येत होती. ज्याला प्रकाश हवा त्याने आपले यंत्र आपल्या आवारात पोसावे, अशी ती पद्धत होती. न्यूयॉर्कमध्ये एडिसनने १८८२ साली पर्ल स्ट्रीटवर उभारलेले वीजघर याच्या पुढे एक पाऊल गेले होते. तेथून परिसरातील ग्राहकांना वीज मिळे आणि उरलेली वाफ शेजारच्या इमारतींना ऊब देण्यासाठी विकली जाई. थंड देशांतील शहरांनी हा मार्ग पुढे बराच रुंद केला. एकाच कोळशातून वीज आणि उष्णता दोन्ही घेतली तर नासाडी कमी होते, हे खरे. तरी वीजघर शहरात आणि कोळसाही शहरातच जळणार, हे मात्र त्यात सुटत नाही.

दुसरी वाट नायगाराने दाखवली होती. १८९५-९६ मध्ये त्या धबधब्यावर वीज निर्माण करून ती बफेलो शहराला तारेने पोहोचवण्यात आली. हिंदुस्थानातही पाणी कामाला लागत होते. खासबागेपासून साठेक किलोमीटरवर, घटप्रभेच्या गोकाक धबधब्याजवळ, पाण्याच्या शक्तीचा वापर करणारी सूतगिरणी १८८७ पासून चालू होती. म्हैसूर संस्थानाने कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावरून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पोहोचवली आणि १९०५ मध्ये बंगळूर शहर तिने उजळले. पण मुंबईजवळ नायगारा नव्हता, कावेरीही नव्हती. होता तो सह्याद्री आणि त्याच्यावर कोसळणारा पाऊस.

हा पाऊस म्हणजे काय प्रकरण आहे, हे गोमंतकीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आषाढातला दूधसागर आणि वैशाखातला दूधसागर ज्याने पाहिला आहे त्याला त्या योजनेतली अडचण एका क्षणात उमगेल. नायगाराच्या मागे अथांग सरोवरे आहेत, तो बारमाही आहे. सह्याद्रीचे प्रपात चार महिन्यांचे पाहुणे. लोणावळ्याच्या आसमंतात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. गिरणी तर बारा महिने चालायची. याचा अर्थ, आधी घाटमाथ्यावर तळी बांधायची, पावसाळ्याचे पाणी त्यांत कोंडायचे, आणि मग ते उरलेले आठ महिने मापाने कोकणात सोडायचे. धबधबा सापडत नाही तर तो बांधून काढायचा, असे हे काम होते.

घाटाच्या पाण्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करता येईल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतील वास्तुविशारदाने मांडली होती. जमशेटजींनी ती उचलली, अभ्यासाला पैसा आणि माणसे दिली. पाटबंधाऱ्यांच्या कामात मुरलेले आर. बी. जॉयनर यांच्यासारखे अभियंते पुढे तिच्यात आले. घाटमाथा आणि कोकणपट्टी यांतील उंचीचा फरक हे या योजनेचे खरे भांडवल होते. लोणावळ्याचे पाणी खोपोलीला उतरते तेव्हा ते ५०० मीटरांहून अधिक खाली आलेले असते. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून नळातून खाली आणून चाकावर आपटले की सुमारे सव्वा युनिट वीज हाती लागते. खासबागेतला एक माग तेवढ्यावर दीडेक तास चालावा. गोकाकचा धबधबा जेमतेम पन्नास मीटरांचा, तेथे तेवढ्याच विजेसाठी दसपट पाणी लागेल. नदी लहान असली तरी उंची मोठी असेल तर भागते, हे त्या अभियंत्यांनी हेरले.

जमशेटजींच्या हाती मात्र वेळ उरला नव्हता. प्रकृती ढासळत होती. १९०४ च्या आरंभी ते उपचारांसाठी परदेशी निघाले. ते दूर असतानाच मार्च महिन्यात पत्नी हिराबाई यांचे निधन झाले. जर्मनीतील बाड नाउहाइम या गावी, जमिनीतून आपोआप उसळणाऱ्या ऊन, खारट पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आणि हृदयविकाराचे रोगी जेथे त्या काळी आवर्जून जात त्या ठिकाणी, १९ मे १९०४ रोजी जमशेटजींनी देह ठेवला. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था आणि वीजयोजना, तिन्ही त्या दिवशी कागदावरच होत्या.

थोरले पुत्र दोराबजी यांनी त्या कागदाचे धरण केले. लंडनच्या सावकारी बाजारात भांडवल जमेना. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी योजनेला पाठबळ दिले आणि पैसा अखेर देशातच, संस्थानिक, व्यापारी आणि मध्यम ऐपतीच्या लोकांकडून उभा राहिला. १९१० च्या नोव्हेंबरात टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली. गिरणीमालकांना राजी करणे हे धरण बांधण्याइतकेच जिकिरीचे होते. ज्यांनी नुकतीच नवी इंजिने बसवली होती ते घाटापलीकडून तारेवरून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शक्तीच्या भरवशावर गिरणी सोपवायला कचरत होते. पावसाने दगा दिला तर? तार तुटली तर? शंका गैरवाजवी नव्हत्या.

लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तीन तलावांचे पाणी कालव्यांनी कड्याशी आणले गेले. तेथून पोलादी नळ बोरघाटाच्या कुशीतून सरळ खोपोलीला उतरले. तेथून सुमारे ७० किलोमीटर तार ओढून, एक लाख व्होल्टच्या आसपास दाबाने, वीज परळला आली. लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते ११ फेब्रुवारी १९१५ रोजी योजना कार्यान्वित झाली, आणि सिम्प्लेक्स मिल ही या विजेवर चालणारी पहिली गिरणी ठरली. त्यानंतर एकेक गिरणी येऊ लागली. पहिल्या महायुद्धाने कोळसा आणखी दुर्मीळ आणि महाग केला, त्याचाही या प्रवासाला हातभार लागला. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. जमशेटजींच्या हयातीत जे शहर कोळशावाचून एक दिवस चालले नसते, त्याचे माग आता बऱ्याच अंशी मावळातल्या पावसावर फिरू लागले.

बऱ्याच अंशी, पूर्णपणे नव्हे. ताण्याला खळ देणे, कापड धुणे, रंगवणे, सुकवणे यासाठी ऊन पाणी आणि वाफ लागतेच. माग विजेवर गेले तरी त्या खात्यांचे बॉयलर गिरणीत राहिले आणि त्यांच्यापुरते धुराडेही राहिले. धूर घटला, मिटला नाही. विजेचा प्रश्न सोडवणे सोपे आणि उष्णतेचा अवघड, हे कापडधंद्याला तेव्हाच कळून चुकले होते. रंगकामाच्या भट्ट्यांपुढे तो प्रश्न आजही तसाच उभा आहे.

भिऱ्याच्या वीजघराची कथा इतक्यावर संपत नाही. त्याच्यासाठी मुळशी खोऱ्यात, निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ, धरण बांधायचे होते. त्या जलाशयाखाली पन्नासावर गावांच्या जमिनी जाणार होत्या. भाताची सुपीक खाचरे, देवळे, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे. जमीन संपादनाच्या कायद्याने सरकारने ती कंपनीला मिळवून द्यायची, असा बेत होता. मावळ्यांची संमती कोणी विचारली नव्हती, काम तर सुरूही झाले होते. १९२१ च्या रामनवमीला शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट यांनी या सत्याग्रहाचे नेतृत्व केले आणि याच लढ्याने त्यांना सेनापती ही पदवी मिळवून दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे होते. स्त्रिया, म्हातारी माणसे तुरुंगात गेली. पुण्यातील जमीनदार आणि सावकारांपैकी काही जण भरपाईच्या रकमेकडे डोळे लावून होते, त्यामुळे चळवळीत फूट पडली. १९२४ अखेर सेनापती बापटांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली आणि लढा मावळला. धरण पुरे झाले, खोरे बुडाले. मोठ्या धरणाविरुद्ध लोकांनी दिलेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत मुळशीची गणना होते.

जमशेटजी त्या वेळी जाऊन सतरा वर्षे झाली होती, तेव्हा मुळशीचा दोष त्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि योजनेचे पितृत्व त्यांना देताना मुळशीचे पान गाळणे हेही तितकेच अन्यायाचे. आपल्या पायाखालच्या कामगाराची हवा ज्यांनी खर्चाच्या वहीत धरली, त्यांच्या नावाने चाललेल्या कामात खोऱ्यातल्या कुळाचे भात त्या वहीत नीट लिहिले गेले नाही. लालबागच्या चाळीतल्या मुलाच्या छातीत जाणारी काजळी कमी झाली, आणि तिची किंमत ज्याने कधी मुंबई पाहिली नव्हती अशा मावळ्याने मोजली. यातले काहीही खोटे नाही, आणि यातल्या एकाने दुसरे पुसले जात नाही.

पाण्याचाही एक हिशेब होता आणि तो अजून चालूच आहे. इंद्रायणी, मुळा यांचे पाणी निसर्गतः पूर्वेला भीमेत आणि पुढे कृष्णेत जाणारे. वीजघरांसाठी ते पश्चिमेला वळवले गेले. खोपोलीला वीज देऊन झाल्यावर ते पाताळगंगेत उतरते, रायगडातली वसाहत आणि कारखाने त्यावर जगतात. खाली सोलापूर भागात दुष्काळ पडला की या धरणांचे पाणी भीमेतच सोडावे अशी मागणी दरवेळी डोके वर काढते. कृष्णा पाणीतंटा लवादालाही या पश्चिमवाहिनी पाण्यावर मर्यादा घालून द्यावी लागली. म्हादईच्या बाबतीत हेच नाट्य उलट दिशेने चालले आहे, हे गोव्याला सांगायला नको. खानापूर तालुक्यातील कळसा आणि भांडुरा हे पश्चिमेकडे वाहणारे नाले पूर्वेला मलप्रभेत वळवण्याचा तो प्रयत्न आहे.

मुंबईची भूक तळ्यांना पुरणारी नव्हतीच. १९५६ पासून तुर्भे येथे खुद्द टाटांनाच इंधन जाळणारे वीजघर चालवावे लागले, आणि शहराच्या वाढत्या मागणीपुढे जलविजेचा वाटा आक्रसत गेला. परळ-लालबागची धुराडे पुढे थंडावली ती गिरण्याच बंद पडल्यामुळे. नागपूरची एम्प्रेस मिलही आता नाही. धुराचे काय झाले, असे विचारले तर तो शहरातून उठून खाणींच्या मुलखात गेला, हे बहुतांशी खरे उत्तर आहे. गोव्याच्या घरांत लागणाऱ्या दिव्यांपैकी कितीतरी छत्तीसगडमधील कोरबासारख्या ठिकाणच्या कोळशावर जळतात. धूर तिकडे, उजेड इकडे. तीच वीज आणखी आणण्यासाठी धारवाडकडून शेल्ड्याला येणारी तार मोलेच्या जंगलातून न्यावी की न न्यावी, यावर गोमंतकात किती रण माजले ते ताजेच आहे. शक्ती दुरून आणायची म्हटले की मधल्या मुलखाचा प्रश्न येतोच. मुळशीत तो पाण्याखाली गेला, मोले येथे तो झाडांच्या रूपाने उभा राहिला.

खोपोलीचे वीजघर आजही चालू आहे, त्याची क्षमता ७२ मेगावॅट आहे. आजच्या मोजमापाने ती किरकोळच. भिऱ्याचे महत्त्व मात्र एका वेगळ्या कारणाने वाढले आहे. तेथे १५० मेगावॅटचे एक यंत्र असे बसवले आहे की विजेची मागणी कमी असताना ते उलटे फिरून खालचे पाणी पुन्हा वर चढवते आणि मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली सोडते. सूर्य मावळल्यावर सौर वीज नाही, वारा पडल्यावर पवनचक्की नाही, अशा काळात घाटावरचे तळे म्हणजे वीज साठवण्याची कणगी ठरते. जमशेटजींच्या अभियंत्यांपुढे चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवण्याचे कोडे होते. आता दिवसाचे ऊन रात्रीला पुरवायचे आहे.

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्याच सौंदत्तीजवळ, मलप्रभेवरील नविलतीर्थ धरणाच्या पाण्याचा वापर करून, पाणी टेकडीवर चढवून वीज साठवण्याचा एक मोठा प्रकल्प आखण्यात आला आहे. तो पूर्णत्वास गेला तर खासबागेतल्या रात्रपाळीच्या मागांना एखाद्या अवसेला त्या टेकडीवरच्या पाण्याची वीज मिळू शकेल. कळसा-भांडुऱ्याचे पाणी ज्या नदीत वळवायचे म्हणतात, ती हीच मलप्रभा.